मानसशास्त्राच्या परीक्षेतील विवेचनात्मक उत्तरे

प्राथमिक शाळेत काम करीत असतानाच पदवीची, शिक्षणशास्त्राची अथवा पदव्युत्तर परीक्षा देणारे शिक्षक आज प्रत्येक तालुक्यात आढळतात. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून खेड्यातील शिक्षकास ही वाट अधिक सुगम झाली आहे. या बहुतेक अभ्यासक्रमांत मानसशास्त्र वा शैक्षणिक मानसशास्त्र हा विषय कोणत्या ना कोणत्या रूपाने असतोच. विषय आपल्या रोजच्या कामाचा, मुले आपल्या नित्य परिचयाची. तरीही याच विषयात गुण कमी पडले, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. या तक्रारीचे मूळ बहुधा अभ्यासाच्या अभावात नसते. ते उत्तर लिहिण्याच्या रीतीत असते. यास्तव प्रस्तुत लेखात त्या रीतीचा विचार केला आहे.

शिक्षक पात्रता परीक्षेत १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र या विभागास असतात. तेथे चार पर्यायांतून एक निवडावयाचा असतो. योग्य शब्द समोर छापलेलाच असतो. तो ओळखता आला की काम झाले. विवेचनात्मक उत्तराचे तसे नाही. तेथे शब्द आपण आठवावयाचा, त्याचा अर्थ आपण सांगावयाचा आणि दिलेल्या प्रसंगास तो कसा लागू पडतो हेही आपणच दाखवावयाचे. ओळखणे आणि मांडणे या दोन भिन्न शक्ती आहेत. बाजारात भेटलेला मनुष्य आपण ओळखतो. पण त्याचे वर्णन करा म्हटले की अडखळतो, तद्वतच हे आहे.

१. प्रश्नातील क्रियापद

उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्नातील क्रियापदाखाली रेघ ओढावी. ‘व्याख्या द्या’ म्हटले असेल तेथे एक-दोन नेमकी वाक्ये पुरतात. ‘स्पष्ट करा’ म्हणजे असे का घडते, हे कार्यकारणासह सांगावयाचे. ‘तुलना करा’ म्हटल्यावर दोन स्वतंत्र टिपा एकाखाली एक लिहून भागत नाही. एकाच मुद्द्यावर दोहोंस समोरासमोर उभे करावे लागते. ‘उपयोजन करा’ अथवा ‘या प्रसंगाच्या आधारे सांगा’ असे असेल, तर प्रसंगातील व्यक्ती व कृती यांचा उल्लेख उत्तरात आलाच पाहिजे. ‘मूल्यमापन करा’ या शब्दांत सिद्धांताचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही अभिप्रेत असतात. क्रियापद न वाचता विषय तेवढा वाचणारा परीक्षार्थी ‘अध्ययन’ हा शब्द दिसताच अध्ययनाविषयी जे जे ठाऊक असेल ते सर्व उतरून काढतो. पाने भरतात, गुण मात्र हाती लागत नाहीत.

२. उत्तराचा कणा

प्रसंगाधिष्ठित प्रश्नाच्या उत्तराचे तीन भाग असतात. पहिला, संकल्पनेचा अर्थ. दुसरा, प्रसंगातील नेमका तपशील. तिसरा, या दोहोंस जोडणारे कारण. यांपैकी तिसरा भाग गाळण्याची चूक सर्वांत अधिक होते. व्याख्या लिहिली, प्रसंगाचा उल्लेख केला, आणि ‘म्हणून येथे ही संकल्पना दिसते’ असे म्हणून लेखक मोकळा झाला, तर ते नुसते विधान झाले, स्पष्टीकरण नव्हे. ‘म्हणून’ या शब्दाच्या आधी कारण आले आहे किंवा नाही, हे प्रत्येकाने स्वतः तपासावे.

३. एक नमुना प्रश्न

आपल्या जिल्ह्यासारख्या अनेक जिल्ह्यांतील कुटुंबे मुंबईच्या गिरणगावाशी पिढ्यानुपिढ्या बांधलेली होती. लालबाग, परळ, काळाचौकी ही नावे खेड्यातील म्हाताऱ्या माणसांसही परकी वाटत नाहीत, कारण तेथून मनीऑर्डरी येत. काळाचौकी येथे इंडिया युनायटेड मिलच्या क्रमांक २ व ३ या गिरण्या होत्या. त्या भागाचे दैनंदिन जीवन पाळीच्या भोंग्यावर चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांतील सार्वत्रिक संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले. संप लांबला आणि पुष्कळ कुटुंबे गावी परतली. त्यांची मुले आपल्यासारख्यांच्याच शाळांत दाखल झाली. त्या काळाच्या पार्श्वभूमीवर एक काल्पनिक प्रश्न घेऊ :

‘काळाचौकी येथे राहणाऱ्या एका गिरणी कामगाराचे कुटुंब १९८२ च्या संपकाळात मूळ गावी परतले. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा गावच्या शाळेत चौथीत दाखल झाला. मुंबईस असता पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की थोड्याच वेळात वडील खाऊ घेऊन घरी येत. गावाजवळील साखर कारखान्याचा भोंगा निराळ्या आवाजाचा होता. तरी तो प्रथम ऐकताच मुलाचा चेहरा उजळला. वर्गात त्याने दिलेल्या पहिल्याच उत्तरातील मुंबईच्या बोलीला मुले हसली. त्यानंतर प्रश्न विचारला की तो मान खाली घालून गप्प बसे. मग शिक्षक त्यास सोडून पुढील मुलास विचारीत, आणि त्याचे गप्प बसणे दिवसेंदिवस वाढत गेले. पुढे, शेजारचा मुलगा चुकतमाकत उत्तर देतो आणि शिक्षक त्याच्या प्रयत्नाची वाखाणणी करतात, हे तो काही दिवस पाहत राहिला. एके दिवशी त्यानेही हात वर केला. या मुलाच्या वर्तनाचे (अ) उद्दीपक सामान्यीकरण, (ब) ऋण प्रबलन व (क) निरीक्षणात्मक अध्ययन या संकल्पनांच्या आधारे स्पष्टीकरण करा. (गुण १२)’

प्रश्नास तीन उपांगे आहेत व गुण १२ आहेत. अर्थात प्रत्येकास ४ गुण धरावयास हरकत नाही. उत्तराचे तीन परिच्छेद पाडावेत आणि प्रत्येकास (अ), (ब), (क) अशी खूण द्यावी. प्रास्ताविकाची गरज नाही. प्रश्न पुन्हा उतरून काढण्याचीही नाही.

४. दुर्बळ उत्तर कसे असते

उपांग (ब) चे पुढील उत्तर पाहावे :

‘ऋण प्रबलन म्हणजे वाईट प्रबलन होय. मुले त्या मुलाला हसली, ही त्याला मिळालेली शिक्षा होती. म्हणून येथे ऋण प्रबलन झाले आहे. मुलांनी असे हसणे योग्य नाही. शिक्षकाने अशा मुलास प्रेमाने जवळ घ्यावे व त्याचा न्यूनगंड दूर करावा. बालक हे राष्ट्राचे धन आहे.’

या उत्तरातील कळकळ खरी आहे. परंतु त्यास गुण देता येत नाहीत. पहिले कारण, व्याख्या चुकीची आहे : ‘ऋण’ हा शब्द येथे वाईट या अर्थाने येत नाही, काढून घेणे या अर्थाने येतो. दुसरे, शिक्षा व ऋण प्रबलन यांची गल्लत झाली आहे. तिसरे, उत्तराचा निम्मा भाग उपदेशाने व्यापला आहे. शिक्षकवर्गाच्या उत्तरपत्रिकांत हा दोष विशेष आढळतो, कारण ‘काय करावे’ हे सांगण्याची आपणांस सवय असते. परीक्षकाने मात्र ‘असे का घडले’ हे विचारलेले असते. उपाय विचारले असतील तेथेच उपाय सांगावेत.

५. सबळ उत्तर

आता तिन्ही उपांगांची उत्तरे क्रमाने पाहू.

‘(अ) एका उद्दीपकाशी जोडली गेलेली अभिसंधित प्रतिक्रिया त्याच्याशी साम्य असणाऱ्या दुसऱ्या उद्दीपकामुळेही घडून येते, यास उद्दीपक सामान्यीकरण म्हणतात. वडिलांचे खाऊ घेऊन येणे हा मुलाच्या दृष्टीने मुळातच आनंददायक उद्दीपक होता. गिरणीचा भोंगा प्रारंभी तटस्थ होता. पण तो वारंवार वडिलांच्या आगमनाच्या अगोदर वाजल्यामुळे केवळ त्या आवाजानेही आनंद होऊ लागला. साखर कारखान्याच्या भोंग्यामागून खाऊ कधीच आला नव्हता. तरीही तो आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा असल्याने त्यानेही तीच आनंदाची प्रतिक्रिया जागी केली.’

‘(ब) एखादे वर्तन केल्याने अप्रिय गोष्ट दूर होते वा टळते आणि त्यामुळे ते वर्तन पुढे वाढते, तेव्हा त्यास ऋण प्रबलन म्हणतात. मुले हसल्यानंतर वर्गात उत्तर देण्याचा प्रसंग या मुलास अप्रिय झाला. तो मान खाली घालून गप्प बसताच शिक्षक पुढील मुलाकडे वळत, म्हणजे तो अप्रिय प्रसंग टळे. गप्प बसण्याने सुटका होते असा अनुभव पुनःपुन्हा आल्यामुळे गप्प बसण्याचे वर्तन वाढत गेले. मुलांचे हसणे हे ऋण प्रबलन नव्हे. त्यामुळे उत्तर देण्याचे वर्तन कमी झाले, म्हणून ती शिक्षा होय.’

‘(क) दुसऱ्याचे वर्तन व त्याचा परिणाम पाहून स्वतःच्या वर्तनात बदल होणे, यास निरीक्षणात्मक अध्ययन म्हणतात. शेजारचा मुलगा हा येथे आदर्श होय. या मुलाने त्याच्या उत्तर देण्याकडे काही दिवस लक्ष दिले व ते ध्यानात ठेवले. चुकूनही वाखाणणी होते, हे पाहिल्यामुळे त्यास प्रेरणा मिळाली. म्हणजे स्वतःस बक्षीस न मिळताही दुसऱ्यास मिळालेल्या प्रबलनाचा परिणाम त्याच्यावर झाला. हात वर करणे ही कृती त्यास करता येण्याजोगी होती, म्हणून पाहिलेले वर्तन त्याने प्रत्यक्षात आणले.’

या उत्तरांत अलंकारिक असे एकही वाक्य नाही. पण तिन्ही परिच्छेदांत व्याख्या पहिल्या वाक्यात आहे, प्रसंगातील तपशील नावानिशी आला आहे आणि ‘त्यामुळे’, ‘म्हणून’ हे शब्द खऱ्या कारणास चिकटून आहेत. परिच्छेद (ब) च्या शेवटी शिक्षा आणि ऋण प्रबलन यांतील भेद एका वाक्यात सांगितला आहे. ज्या ठिकाणी गल्लत संभवते तेथे असे भेददर्शक वाक्य लिहिले म्हणजे लेखकाची समज परीक्षकास निःसंशय कळते.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. दोन परस्परविरोधी उत्तरे लिहून ‘यांपैकी एक तरी बरोबर निघेल’ अशी आशा करू नये. एकाच परिच्छेदात हसण्यास एकदा शिक्षा व एकदा ऋण प्रबलन म्हटले, तर बरोबर वाक्याचेही मोल जाते.

६. नावे, साल व प्रयोग

शास्त्रज्ञांची नावे उत्तरास भारदस्तपणा आणतात, असा समज आहे. नाव योग्य जागी आले तर त्याचा उपयोग होतो. चुकीच्या जागी आले तर ते उत्तराचे वजन घटविते. इव्हान पावलॉव्ह यांस १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. अभिसंधानाच्या सिद्धांतासाठी मिळाले असे लिहिणे बरोबर नाही. अब्राहम मॅस्लो यांनी गरजांच्या क्रमाचा विचार १९४३ च्या लेखात मांडला. पण पुस्तकांत छापलेला प्रसिद्ध त्रिकोण त्या लेखात नाही, तो पुढे इतरांनी काढला. यास्तव ‘मॅस्लो यांनी त्रिकोण मांडला’ असे न लिहिता ‘मॅस्लो यांच्या मते गरजांस क्रम असतो’ असे लिहिणे निर्धोक.

प्रयोगाचा आधार द्यावयाचा झाल्यास दोन-तीन वाक्यांत द्यावा : काय केले, काय आढळले व त्याचा प्रश्नाशी काय संबंध. उदाहरणार्थ, आल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७२ बालके होती. मोठ्या व्यक्तीस बाहुल्याशी दांडगाईने वागताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांनी पुढे तशाच कृती इतरांपेक्षा अधिक केल्या. यावरून प्रत्यक्ष बक्षिसावाचूनही मूल पाहून शिकते, हे दिसते. एवढे पुरे. बाहुल्याचा आकार व खोलीची रचना यांचे वर्णन करण्यात वेळ दवडू नये. नाव वा साल निश्चित आठवत नसेल तर ते गाळावे. संकल्पना बरोबर असेल तर उत्तर उभे राहते.

मराठीतून उत्तर लिहिणाऱ्यांस पारिभाषिक शब्दांची आणखी एक अडचण असते. निरनिराळ्या पुस्तकांत एकाच संकल्पनेस निरनिराळे प्रतिशब्द योजलेले असतात. आपण जो शब्द निवडू त्याची व्याख्या प्रथम द्यावी आणि उत्तर संपेपर्यंत तोच शब्द वापरावा. मध्येच शब्द बदलल्यास ती दुसरीच संकल्पना आहे असा भास होतो.

७. वेळेची वाटणी

समजा, तीन तासांत समान गुणांचे पाच प्रश्न सोडवावयाचे आहेत. १८० मिनिटांपैकी १० मिनिटे प्रश्नपत्रिका वाचण्यास व १० मिनिटे फेरतपासणीस ठेवली, तर प्रत्येक प्रश्नास ३२ मिनिटे येतात. त्यांतील पहिली चार मिनिटे कच्च्या मुद्द्यांसाठी द्यावीत : संकल्पनेसमोर प्रसंगातील तपशील, त्यासमोर कारण. आवडत्या प्रश्नास पाऊण तास देणारा परीक्षार्थी शेवटचा प्रश्न अर्धा सोडतो. आणि चांगल्या उत्तरातील सातवे पान जेवढे मिळवून देते, त्याहून अधिक न लिहिलेल्या उत्तराचे पहिले पान गमावून बसते.

८. तयारीची रीत

हेर्मान एबिंगहाऊस यांनी स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध झाले. पाठ केलेल्या मजकुराचे विस्मरण प्रारंभी फार वेगाने होते व पुढे त्याचा वेग मंदावतो, हे त्यांत दिसून आले. रोडिगर व कार्पिके यांच्या २००६ सालच्या अभ्यासाचा निष्कर्ष तर परीक्षार्थीने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांस पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. पण उतारा मिटून आठवून लिहिणाऱ्यांस आठवड्यानंतर अधिक आठवले. वाचताना ‘हे आपणांस येते’ असे वाटते. ते वाटणे फसवे असते.

दिवसभर शाळा, संध्याकाळी शेत वा घर, अशा शिक्षकास ही रीत विशेष सोयीची आहे, कारण तीस फार वेळ लागत नाही. रोज एक संकल्पना घ्यावी. पुस्तक मिटून तिची व्याख्या लिहावी आणि त्याच दिवशी वर्गात पाहिलेल्या एखाद्या वर्तनास ती लावून पाहावी. मग पुस्तक उघडून ताडून घ्यावे. आठवड्यानंतर तेच पुन्हा करावे. केंद्रातील दोघा शिक्षकांनी एकमेकांची उत्तरे तपासल्यास अधिक चांगले. दुसऱ्याच्या उत्तरातील गाळलेले कारण आपणांस चटकन दिसते. रात्रीच्या वेळी, श्रमानंतर शिकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली, आणि गिरणीतून आलेली माणसे तेथे पाटी-पुस्तक घेऊन बसली.

९. स्वाध्याय

पुढील प्रश्न प्रत्येकी वीस मिनिटांत, पुस्तक न पाहता सोडवावेत.

(१) वरील प्रसंगातील मुलाचे वडील आता दिवसभर घरीच असत. साखर कारखान्याचा भोंगा वाजत राही, पण त्यामागून खाऊ येत नसे. काही आठवड्यांनी तो आवाज ऐकून मुलास काहीच वाटेनासे झाले. याचे विलोपन या संकल्पनेने स्पष्टीकरण करा.

(२) ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. गुरे चारणारी मुले जेथे असत तेथे शिक्षण गेले. मुलांच्या प्रेरणेच्या दृष्टीने या योजनेचे विवेचन करा.

(३) ‘दंड केल्याने मूल गृहपाठ करू लागते.’ शिक्षा, धन प्रबलन व ऋण प्रबलन यांतील भेद दाखवून या विधानाचे मूल्यमापन करा.

तिसऱ्या प्रश्नात एक खोच आहे. गृहपाठ केल्याने दंड टळतो, म्हणून गृहपाठ वाढतो. त्याच वेळी शाळेस न येण्यानेही दंड टळतो, म्हणून गैरहजेरीही वाढते. एकच दंड दोन वर्तनांचे ऋण प्रबलन करू शकतो, हे ज्यास दिसेल त्याचे उत्तर इतरांहून निराळे होईल.

१०. परीक्षेपलीकडे

ही रीत उत्तरपत्रिकेपुरतीच उपयोगी असती, तर परिपत्रकाच्या पुस्तिकेत तीस एवढी जागा देण्याचे प्रयोजन नव्हते. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले, तेव्हापासून वर्णनात्मक नोंद हा शब्द आपल्या परिचयाचा झाला आहे. त्या नोंदींत ‘मूल मंद आहे’, ‘लक्ष देत नाही’, ‘अबोल आहे’ अशी वाक्ये पुष्कळ दिसतात. वरील प्रसंगातील मुलाविषयीही कोणी ‘अबोल व मंद’ असे लिहिले असते, आणि ते शब्द त्याच्याबरोबर वर्गावर्गांतून पुढे गेले असते. पण तो मुलगा मंद नव्हता. गप्प बसले की सुटका होते हे तो फार लवकर शिकला होता, आणि ते त्यास नकळत शिकविणारा त्याचा शिक्षकच होता. मुलास संकोच वाटू नये म्हणून त्यास वगळणे, ही शिक्षकाची दया. तिचा परिणाम मात्र उलट झाला.

‘मूल अबोल आहे’ असे लिहिले की पुढे करण्यासारखे काही उरत नाही. ‘प्रश्न विचारल्यावर मूल गप्प बसते, मी पुढे जातो, आणि गप्प बसणे वाढते’ असे लिहिले की काय बदलावयाचे ते त्या वाक्यातच सापडते : पुढे जाणे थांबवावे, सोपा प्रश्न द्यावा, उत्तराची थोडी वाट पाहावी. संकल्पनेचा अर्थ, प्रसंगातील तपशील आणि जोडणारे कारण, हीच त्रयी येथेही उपयोगी पडते.

तेव्हा येत्या परीक्षेस बसणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींनी आपल्या वर्गातील एक मूल निवडावे आणि त्याच्या एका वर्तनाविषयी वरील रीतीने दहा ओळींची नोंद लिहावी. ती केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत सोबत आणावी. तिच्यावर तेथे एकत्र चर्चा करता येईल. मुलाचे नाव मात्र नोंदीत घालू नये.